कोकमाची बाटली, काजूचं पाकीट: डिजिटलवर छापू की ऑफसेट-फ्लेक्सोवर?

सोलकढी (वेंगुर्ला)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आमचं घरगुती कोकम-काजूचं काम आहे. सासूबाईंनी सुरू केलं तेव्हा बाटलीवर झेरॉक्सचा कागद आणि वर डिंक. आता मी आणि जाऊबाई मिळून बघतो. वर्षाला कोकम सरबताच्या साधारण ६,००० बाटल्या, आगळाच्या दीड हजार, आमसुलांची २,००० पाकिटं आणि पाव किलोची काजूगराची ३,००० पाकिटं जातात. शिवाय दिवाळीला मुंबईच्या एका ऑफिसचे ४०० गिफ्ट बॉक्स असतात.

आत्तापर्यंत लेबलं कुडाळहून डिजिटलवर करून आणतो. १३ बाय १९ इंचाच्या स्टिकर शीटवर ४ बाय ३ ची १६ लेबलं बसतात. कटिंगसकट शीट ४० रुपये, म्हणजे लेबल अडीच रुपयांना. आता कोल्हापूरच्या एकांकडून रोलवर फ्लेक्सोचं (मऊ, उठावाच्या प्लेटांनी छापतात ते) कोटेशन आलंय. प्लेटा आणि डाय (लेबल कापायचा साचा) मिळून ९,००० एकदाच, पुढे लेबल ६० पैसे, पण कमीत कमी १०,००० घ्यायची. नवऱ्याने लगेच हिशोब मांडला. लेबलामागे एक रुपया नव्वद पैसे वाचतात, म्हणजे ४,७०० लेबलांच्या पुढे फ्लेक्सो स्वस्त. "मग प्रश्न कुठे आहे?" म्हणतो.

प्रश्न मला पडलाय. हे गणित एकट्या सरबताचं झालं. १०,००० लेबलं संपायला वीस महिने लागतील. आगळ आणि आमसुलांना वेगळी लेबलं, काजूला तर स्टिकर नको, पाउचवरच छापून हवंय. गिफ्ट बॉक्सचं आणखी निराळं. हे सगळं एकाच ठिकाणी करावं की वाटून? आणि डिजिटल छपाई 'टिकत नाही' म्हणतात त्यात किती तथ्य आहे? आमचं लेबल फ्रीजमध्ये दोन दिवसांत सुटतं, हे मात्र खरं.


तिरफळ

फ्रीजमधली बाटली भायर काढली काय लेबल हातात येता, त्येचो छपाईशी काय एक संबंध नाय. आधी कागद बदला, छपाईचा मागसून बघूया.

(मराठीत: कागदी स्टिकर असणार तुमचा. प्लास्टिकवालो घ्या.)


सोलकढी

हो, कागदीच आहे! क्रोमो म्हणतात तो. दुकानदार म्हणाला होता, चमक चांगली येते.


छापखान्यातला (रत्नागिरी)

तिरफळ यांना अनुमोदन. कोकम सरबत, सोलकढी, ताक, जे जे फ्रीजमध्ये किंवा बर्फाच्या खोक्यात जातं त्याला पांढऱ्या पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) फिल्मचं लेबल आणि गार पृष्ठभागावर धरणारा गोंद. लेबल लावताना बाटली कोरडी हवी. गरम सरबत भरून बाटली निवायच्या आत लेबल लावलं तर उत्तम गोंदही सुटतो. हे छापणाऱ्याला सांगावं लागतं, तो स्वतःहून विचारत नाही. (मी विचारतो. जाहिरात समजा.)

आता मूळ प्रश्न. वडिलांचं ट्रेडल मशीन होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, नमन-खेळ्यांची हँडबिलं. खिळे (धातूची सुटी अक्षरं) जुळवायला दोन कंपोझिटर. पुढे मी ऑफसेट घेतलं आणि आता शेजारच्या एसी खोलीत डिजिटलही आहे. मला दोन्हींकडून पैसे मिळतात, तेव्हा पक्षपाताचा संशय नको.

ऑफसेटचा सगळा संसार तेल-पाण्याच्या वैरावर उभा आहे. ॲल्युमिनियमच्या प्लेटवर चित्राचा भाग तेलकट शाई धरतो, उरलेला भाग पाणी धरतो. प्लेटवरून शाई रबरी ब्लँकेटवर आणि ब्लँकेटवरून कागदावर. रंग चार (निळा, लाल, पिवळा, काळा), म्हणून प्लेटा चार. मशीन सुरू झालं की पाणी आणि शाईचं जमेपर्यंत, चारही रंग एकमेकांवर बसेपर्यंत दीडदोनशे शीट रद्दीत जातात. गिऱ्हाइकाला ५०० शीट हवे असोत की ५०,०००, ही रद्दी तेवढीच. म्हणून छोटा जॉब महाग. गिऱ्हाईक म्हणतं 'एक हजाराचे एवढे, तर शंभराचे दहावा हिस्सा करा', तेव्हा मला ती रद्दी दाखवावी लागते.

डिजिटलला प्लेट नाही, पहिला शीटही विकाऊ. पण मशीन प्रत्येक शीट मोजतं (त्याला क्लिक म्हणतात) आणि क्लिकमागे पैसे लागतात, त्यामुळे शंभरावा शीट आणि दहा हजारावा शीट जवळजवळ सारख्याच भावात. दर उतरतो, पण ऑफसेटसारखा कोसळत नाही.

टिकण्याबद्दल. डिजिटल म्हणजे एक मशीन नव्हे. टोनरचं मशीन प्लास्टिकची रंगीत पूड उष्णतेने कागदावर वितळवून चिकटवतं. सपाट लेबलाला ते उत्तम. खोक्याच्या घडीवर मात्र हा थर तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. तिथे आधी लॅमिनेशन, मग क्रीझ (घडीची दाबरेघ), आणि घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेने. इंडिगो नावाचं मशीन १९९३ साली आलं, पुढे २००२ मध्ये ती कंपनी एचपीने घेतली. त्यात पूड नसून द्रव शाई असते आणि चक्क ऑफसेटसारखा ब्लँकेट असतो. त्याचा नमुना हातात दिला तर माझाही डोळा फसतो. तिसरा प्रकार इंकजेट. म्हणजे 'डिजिटल टिकत नाही' हे म्हणणं 'आंबा आंबट असतो' म्हणण्यासारखं. कुठला, कधी काढलेला, ते सांगा.

आणि आपल्या भागातली मुख्य गोष्ट म्हणजे पाऊस. जुलैत कागद हवेतलं पाणी पितो. ऑफसेटवर शीट किंचित फुगतो, रंग सरकतात, शाई लवकर वाळत नाही आणि थप्पीत एका शीटची शाई दुसऱ्याच्या पाठीला लागते. डिजिटललाही दमट कागद चालत नाही, पूड नीट बसत नाही, शीट आत अडकतात. दिवाळीची खोकी हवी असतील तर मेमध्ये तरी छापून घ्या, नाहीतर गणपती उठल्यावर. आषाढात फोन करून 'अर्जंट' म्हणू नका.


वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

ताई, ४,७०० च्या त्या गणितात एक आकडा राहिलाय. तो मी भरलाय, म्हणून सांगतो.

माझा मसाल्यांचा धंदा. २०२१ च्या सुरुवातीला डुप्लेक्स बोर्डाची (पातळ पुठ्ठ्याची) ऑफसेट खोकी करून घेतली. इथला डिजिटलवाला हजाराच्या ऑर्डरला खोक्यामागे ९ रुपये सांगत होता. तमिळनाडूतल्या शिवकाशीहून २०,००० घेतली तर ३ रुपये १० पैसे. सहा रुपये वाचतात म्हटल्यावर माणूस कसा थांबेल? ६२,००० भरले, ट्रक आला, तळमजल्याच्या गाळ्यात छतापर्यंत थप्प्या लावल्या. चार-पाच महिन्यांत ७,००० वापरली.

२२ जुलैला वाशिष्ठी नदी शहरात आली. गाळ्यात माझ्या डोक्यावर पाणी होतं. उतरल्यावर आत गेलो तर १३,००० खोक्यांचा एकच लगदा. वरच्या थरांवरचं हळदीचं चित्र तेवढं ओळखू येत होतं.

६२,००० भागिले ७,०००. एक खोकं जवळजवळ ९ रुपयांना पडलं. डिजिटलवाला सांगत होता तेवढ्यालाच.

पूर रोज येत नाही, मान्य. पण वाळवी आहे, उंदीर आहेत, गळकी कौलं आहेत. आता मी तीन महिन्यांच्या वर छापील माल घरात ठेवत नाही, भाव कितीही चांगला असो.


तिरफळ

🙏 वाईट वाटला वाचून.


कोरलवाली (सावंतवाडी)

मी पॅकेजिंगची डिझाइनं करते. पुराइतका नाट्यमय नाही, पण छापील माल वाया जायचा दुसरा रस्ता म्हणजे नियम. २०२२ च्या सुमारास एमआरपीसोबत दर ग्रॅमचा किंवा दर मिलीचा भावही छापायचा असं आलं, तेव्हा माझ्या दोन गिऱ्हाइकांकडे वर्षभराची लेबलं पडून होती. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, पुन्हा एमआरपीची धावपळ. त्यात पत्ता बदलतो, फोन बदलतो, अन्न खात्याच्या नोंदणीचा परवाना होतो आणि १४ आकडी नंबर नवा येतो. लेबलावरचं चित्र पाच वर्षं चालतं, मजकूर दीड वर्षही चालत नाही.

म्हणून किंमत, बॅच आणि तारीख कधीच छापून घेऊ नये. तेवढी जागा पांढरी सोडावी. त्या जागेवर लॅमिनेशन किंवा वॉर्निश असलं तर शिक्का पुसला जातो, हेही आधी सांगावं. माझ्या एका गिऱ्हाइकाने नखाने तारीख पुसून दाखवली होती.

आणखी थोडं, कारण हे कोणी सांगत नाही.

मराठी मजकुराची फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे फॉन्ट न लागणारी रेषाचित्रं करून) द्या. घरी नीट दिसणारं 'सर्व' प्रेसच्या कॉम्प्युटरवर जुन्या फॉन्टमुळे काहीही होऊ शकतं, रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो. मी 'कोकम आगळ'चं 'कोकम आगळ्'ही पाहिलंय.

घटकपदार्थांचा बारीक मजकूर एकट्या काळ्या रंगात ठेवा. चार रंग मिसळून केलेला काळा ऑफसेट-फ्लेक्सोवर केसभर सरकला तरी अक्षरांना लाल-निळी सावली पडते.

बारकोड कोकमाच्या लाल रंगात नको! लेबलाला शोभतो म्हणून मी एकदा केला होता. स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला लाल रेघा पांढऱ्याच दिसतात. दुकानात एकही बाटली 'वाजली' नाही. काळ्या रेघा, पांढरी पार्श्वभूमी, दोन्ही बाजूंना मोकळी जागा. ८९० ने सुरू होणारा (भारतातल्या नोंदणीचा) नंबर असला म्हणजे झालं असं नाही.


हापूसवाला (देवगड)

रंगाचं निघालंच आहे तर. आमच्या बॉक्सवरचा आंबा डिजिटलवर काढला की पिकलेल्या पपईसारखा दिसतो. दोन ठिकाणी करून बघितला. असं का होतं?


कोरलवाली

चार मूळ रंगांच्या मिश्रणात झळझळीत केशरी बसतच नाही, पिवळा आणि मजेंटा (गुलाबीसर लाल) मिसळून येतो तो थोडा मळकाच. ऑफसेटवर पाचवी प्लेट लावून तयार केशरी शाई वापरता येते, त्याला स्पॉट कलर म्हणतात. काही डिजिटल मशीनांत केशरीची वेगळी शाई असते, पण ती आहे का हे विचारून घ्यावं लागतं. सोनेरीचंही तसंच. साध्या डिजिटलवरचं सोनेरी म्हणजे मोहरीच्या चटणीचा रंग. खरं सोनेरी हवं तर फॉइल.


हापूसवाला

धन्यवाद. आमची पद्धत सांगतो, कोणाला उपयोगी पडली तर. आजोबांच्या वेळी लाकडी पेटी, तिच्यावर पत्र्यात कापलेल्या अक्षरांवरून शाईचा बोळा फिरवून नाव. आता पुठ्ठ्याची पेटी, तिच्यावर फ्लेक्सोने दोन रंग, केशरी आणि हिरवा, दोन्ही तयार शाया. पुठ्ठा खडबडीत आणि आत नालीदार. त्यावर बारीक चित्र काढायला गेलात तर आतल्या नळ्यांच्या पट्ट्या छपाईत उमटतात. म्हणून मोठी अक्षरं, ठळक चित्र. पेट्या हजारांत लागतात, तिथे डिजिटलचा विचारही करत नाही.

पण फळावरचा स्टिकर डिजिटल. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. नोंदणी असलेले बागायतदार क्यूआर कोड लावतात आणि प्रत्येक स्टिकरचा कोड वेगळा असतो. प्लेटवर कोरलेली गोष्ट दर छापाला बदलत नाही, तेव्हा इथे डिजिटलला पर्यायच नाही. एकाच पेटीवर दोन्ही छपाया आहेत आणि कोणाचं भांडण नाही.


बचतगट कुडाळ

आम्ही दहा जणी आहोत. लाडू, पिठं, घावनाचं पीठ. महिन्याला दोनतीनशे पाकिटं. घरच्या इंकजेट प्रिंटरवर स्टिकर काढले तर चालेल ना? पोरगा काढून देतो.


छापखान्यातला

कोरड्या पिठाला चालून जाईल. पण ओलं बोट लागलं की पसरणारी शाई असते ती, साध्या प्रिंटरांत तर बहुधा तीच. पिगमेंट (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगाच्या) शाईचा प्रिंटर असेल तर बरं. काढलेला स्टिकर नळाखाली धरून बघा, उत्तर लगेच मिळेल. आणि पाकिटाच्या आत छापील कागद नको, वर्तमानपत्र तर मुळीच नको. अन्नाच्या वेष्टनाचे २०१८ चे नियम आहेत, त्यांत वर्तमानपत्राला मनाई आहे आणि छपाईच्या शाईला आयएस १५४९५ हे भारतीय मानक लावलंय. छापलेली बाजू अन्नाला टेकता कामा नये.


काजूगर (मालवण)

धागाकर्तीच्या पाउचच्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही, म्हणून मी लिहितो. यात मी पोळलोय.

दुकानांत दिसणारी चकचकीत पाकिटं ग्रॅव्हुअरवर छापतात. तांब्याचा थर दिलेल्या लोखंडी सिलिंडरवर बारीक खळगे कोरतात, वर क्रोम चढवतात, खळग्यांत शाई भरते. रंगागणिक एक सिलिंडर. छपाई पारदर्शक फिल्मच्या आतल्या बाजूने, उलटी करतात. मग तिला मागून दुसरी फिल्म जोडतात. शाई दोन थरांच्या मध्ये बंद, म्हणून घासून जात नाही आणि काजूलाही लागत नाही. काम अप्रतिम आणि लाखो पाउच छापले तरी सिलिंडर टिकतात. पण ऑर्डर किलोत घेतात. मला किमान ३०० किलो सांगितलं. माझ्या पाव किलोच्या पाउचचं वजन ८ ग्रॅम. करा हिशोब, साडेसदतीस हजार पाउच! सोलकढीताईंच्या खपाने बारा वर्षं पुरतील. लेकीच्या लग्नातही वाटता येतील.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. खाकी कागदी पाउच घेतले, खिडकीवाले. दिसायला इतके सुंदर, पर्यटक फोटो काढायचे. वर डिजिटल स्टिकर. जून लागला आणि तक्रारी सुरू. काजू मऊ, पुढे खवट. छपाई दोन्हीकडे उत्तम होती हो, पण पाउच हवा अडवत नव्हता. गिऱ्हाईक एकदा छपाईवर घेतं, दुसऱ्यांदा काजूवर.

आता चांदीसारखा आतला थर असलेले कोरे तयार पाउच घेतो, शेकड्यावर मिळतात. त्यावर पुढे-मागे स्टिकर. डिजिटलवर छापलेले पाउचही आता हजार-दोन हजारांत मिळतात. नमुना मागवला होता, सुरेख आहे, पण माझ्या पाकिटाला तो भाव सोसत नाही. तुमच्या ३,००० ला सोसतो का बघा.


घाटमाथा (कोल्हापूर)

मी फ्लेक्सो मशीनवर काम करतो. (धागाकर्तीचं कोटेशन आमचं नव्हे, निर्धास्त राहा.) वर सगळे मिळून फ्लेक्सोला 'मोठ्या ऑर्डरचं मशीन' म्हणून बाजूला सारताहेत, ते काही पटलं नाही.

ताई, तुमचं सरबत, आगळ आणि आमसुलं. तिन्हींच्या लेबलांवर चित्र कसलं?


सोलकढी

तिन्हींवर कोकमाचंच फळ. फक्त वेगवेगळे फोटो. का हो?


घाटमाथा

मग वेगवेगळे फोटो कशाला?

एकच चित्र घ्या, तिन्हींचं माप एकच ठेवा. पिवळी, लाल, निळी या तीन प्लेटा तिन्हींना त्याच. पदार्थाचं नाव, घटक, वजन, पत्ता, परवाना, जे जे वेगळं किंवा बदलणारं, ते सगळं काळ्यात. छापताना आम्ही आधी सरबताची काळी प्लेट लावून ६,००० काढतो, मशीन थांबवतो, काळी तेवढी बदलतो, दीड हजार आगळ. पुन्हा बदलतो, आमसुलं. डाय तीच, कागद तोच, रोल तोच. तुमचा कोकमाचा वर्षाचा आकडा साडेनऊ हजार आहे, किमान ऑर्डर १०,००० ची. बसलं ना बरोबर?

पुढच्या वर्षी नियम बदलला, पत्ता बदलला, तर काळी प्लेट नवी करायची. बाकी तीन जपून ठेवायच्या. फोटोपॉलिमरची (उजेडाने घट्ट होणाऱ्या प्लास्टिकची) प्लेट धुऊन, सपाट, उजेडापासून दूर ठेवली की पुन्हा चालते. मात्र प्लेटा कोणाच्या मालकीच्या, तुमच्या की प्रेसच्या, हे बिलावर लिहून घ्या. यावरून भांडणं होतात.


कोरलवाली

वा! एकच पान तीन भाषांत छापायचं असलं की आम्ही हेच करतो, इथे कसं सुचलं नाही. फक्त एक: नाव काळ्यात म्हणजे फळाच्या गडद भागावर वाचता येणार नाही. नावासाठी फिक्या रंगाची पट्टी सोडावी लागेल. आणि सरबत-आगळाच्या बाटल्या शेल्फवर सारख्याच दिसतील, गिऱ्हाईक सरबत समजून आगळ नेईल. पाण्यात टाकून साखर न घालता प्यायलं तर खारट तोंड घेऊन परत येईल.


सोलकढी

😄 हे झालंय आमच्याकडे, वेगळी लेबलं असतानाही!

झाकणाचा रंग वेगळा केला तर?


घाटमाथा

झाकण हा सगळ्यात स्वस्त रंग. त्याला प्लेट लागत नाही.


वाशिष्ठीकाठ

घाटमाथा यांचं पटलं. माझी खोकी अशी केली असती तरी बुडालीच असती म्हणा. पण साडेनऊ हजार लेबलांचा रोल म्हणजे किती जागा? माळ्यावर राहील. खोकी आणि लेबलं यांत हा फरक आहेच, लेबल पाण्याच्या वर उचलून ठेवता येतं.


लिथोप्रेमी

अवांतर: एकेका रंगाला एकेक छाप ही गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये गिरगावात छापखाना काढला, तिथे शिळाछापावर (चित्र दगडावर काढून छापत) रंगागणिक वेगळा दगड असे. एका चित्राला कितीतरी दगड, आणि प्रत्येक वेळी कागद नेमका त्याच जागी बसायला हवा. त्यांना हवा दमट असेल तर काय वाटत असेल, याचा विचार छापखान्यातला यांचा प्रतिसाद वाचून आला.


छापखान्यातला

तेच वाटत असणार जे आम्हाला वाटतं. फक्त त्यांना एसी लावता येत नव्हता.

घाटमाथा, काळ्या प्लेटेची युक्ती ऑफसेटच्या खोक्यांनाही लागू. आणि ताई, ४०० गिफ्ट बॉक्ससाठी माझ्याकडे ऑफसेट मागू नका, मी नाही म्हणेन. प्लेटा, दीडदोनशे शीटची रद्दी, पंचिंगची डाय, सगळं चारशेवर वाटलं तर बॉक्स आतल्या काजूपेक्षा महाग. कोरा खाकी पुठ्ठ्याचा तयार बॉक्स घ्या. वर तुमचं नाव एका रंगात स्क्रीन प्रिंटिंगने. लाकडी चौकट, जाळी आणि रबराची पट्टी, कापडी पिशव्या छापणारा कोणीही करून देईल. शाई जाड बसते, खाकीवर उठून दिसते. त्यावरून डिजिटलवर छापलेली रंगीत कागदी पट्टी गुंडाळा. ऑफिसचं नाव, दिवाळीच्या शुभेच्छा त्या पट्टीवर. पुढच्या वर्षी ऑफिस बदललं तर पट्टी बदलेल.


काजूगर

आणि उरलेले बॉक्स लग्नाच्या आहेराला खपतात. अनुभव आहे.


सोलकढी

मंडळी, पंधरा दिवसांनी धागा वर काढतेय. काय ठरलं ते सांगायला हवं.

कोकमाच्या तिन्ही पदार्थांना एकच चित्र, काळी प्लेट तीन. कोरलवालींनी फिक्या पट्टीसह डिझाइन करून दिलं (त्या इतक्या जवळ राहतात हे या धाग्यामुळे कळलं). दोन जादा काळ्या प्लेटांचे २,२०० धरून पहिल्या वर्षी १०,००० लेबलं १७,२०० ला पडतील, डिजिटलवर २५,००० झाले असते. पुढच्या वर्षी मजकूर तोच राहिला तर फक्त ६,०००. नवरा खूश, कॅलक्युलेटर त्याचाच. झाकणं सरबताला लाल, आगळाला काळी. किंमत, बॅच, तारीख आम्ही घरी शिक्क्याने मारणार.

काजूला काजूगर यांचे चांदीच्या थराचे कोरे पाउच आणि डिजिटल स्टिकर. ३,००० ला छापील पाउच आम्हालाही सोसला नाही. गिफ्ट बॉक्सचं छापखान्यातला म्हणाले तसंच. सावंतवाडीत स्क्रीन प्रिंटिंगवाले मिळाले, नमुना बघितला, खाकीवर मरून रंग छान दिसतो.

पीपी फिल्मच्या नमुन्याची परीक्षा घेतली. दोन बाटल्या रात्रभर बादलीत, दोन आठ दिवस फ्रीजमध्ये, एक गरम सरबत भरून लगेच लेबल लावलेली. बादलीतल्या आणि फ्रीजमधल्या ठणठणीत. गरम बाटलीचं कोपऱ्यातून उचललं गेलं, तेव्हा भरल्यावर दुसऱ्या दिवशी लेबलं लावायची असं ठरवलंय. जाऊबाईंना हे पटवायला दोन दिवस लागले.

कोल्हापूरहून प्रूफ आलंय. सही करायच्या आधी एकच: लेबलावर 'कोकम सरबत' लिहू की 'कोकम सिरप'? घरात दोन पक्ष पडलेत. सासूबाई म्हणतात सरबतच. नवरा म्हणतो सिरप लिहिलं की मुंबईची माणसं घेतात.


कोरलवाली

परवान्यावर जो पदार्थ नोंदवलाय तोच शब्द. तो कागद काढून बघा आणि मग सही करा. आणि प्रूफ फोनवर बघू नका, खऱ्या मापात कागदावर काढून बाटलीला गुंडाळून बघा.


सोलकढी

बघितला. 'सिरप' आहे. सासूबाईंना कोणी सांगायचं?


तिरफळ

काळी प्लेट तर वेगळीच असा, सासूबाईंसाठी धा लेबलां 'सरबत' म्हणान डिजिटलवर काढा.